ग्रुप सोडलेला भाचा आणि चटणीवाली आत्ती

हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लजवरून संकेश्वरात येते आणि पुढं घटप्रभेला मिळते. वरची नदी महाराष्ट्रात, खालची कर्नाटकात. इथल्या सोयरिकीही तशाच. संकेश्वर बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यात. पण इथल्या लेकी गडहिंग्लज, कागल, कोल्हापुरात दिलेल्या आणि तिकडच्या लेकी इथं नांदायला आलेल्या. गडहिंग्लज जेमतेम पंधरा किलोमीटर. तेवढ्या वाटेत राज्य बदलतं, सरकारी नोटिशीची लिपी बदलते, रेशनकार्ड बदलतं. म्हणून फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांचा आता काही उपयोग उरलाय का, हा प्रश्न पुण्यात विचारणं वेगळं आणि संकेश्वरात विचारणं वेगळं.

हे बोलणं झालं ते मार्च महिन्यात, आमच्या शेजारच्या घरी, मिरच्यांचे देठ काढता काढता. आत्ती चटणी करून विकते. पन्नाशी ओलांडलेली, कन्नड फाडफाड बोलते, वाचता मात्र येत नाही. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत, पस्तिशीतला. ऑर्कुटपासून सगळं वापरून झालेला आणि आता फेसबुक, इन्स्टाग्राम फोनवरून काढून टाकलेला. घरच्या ग्रुपातूनही तो बाहेर पडलाय आणि खरी ठिणगी तिथूनच पडली.

आत्ती : पुण्यात ऱ्हाऊन तुला माणसांचा कंटाळा आलाय, दुसरं काय न्हाई.

भाचा : माणसांचाच कंटाळा असता तर मिरच्या निवडायला आलो असतो काय? आत्ती, मी कॉलेजात असताना ऑर्कुट होतं. उघडलं की वर्गातली पोरं, गावातली पोरं, मुंबईचा मामेभाऊ. सगळी ओळखीची. पुढं फेसबुक आलं, तेही आधी तसंच होतं. आता उघडून बघ. कोण साप पकडतोय, कोण महिन्यात लाखो कमवायचं शिकवतोय, कोण कुठल्या तरी देवळाचा चमत्कार सांगतोय. यात माझं कोण आहे?

आत्ती : माझ्या फोनात दिसत्यात की माझी माणसं.

भाचा : व्हॉट्सॲपवर दिसतात. फेसबुकवर शेवटचं कुणा आपल्या माणसाचं काही बघितलंस?

आत्तीनं उत्तर दिलं नाही. देठ काढत राहिली. इथं मला भाच्याची बाजू पुढं न्यावीशी वाटते, कारण त्याच्या म्हणण्याला कंपनीच्याच तोंडची साक्ष आहे. अमेरिकेत फेसबुकच्या मालक कंपनीवर, म्हणजे मेटावर, मक्तेदारीचा खटला चालला. इन्स्टाग्राम 2012 मध्ये आणि व्हॉट्सॲप 2014 मध्ये विकत घेऊन कंपनीनं स्पर्धाच संपवली, असा सरकारचा आरोप होता. त्यावर कंपनीचा बचाव असा की, आम्ही आता मित्रमंडळींचं जाळं राहिलेलोच नाही, आमची लढत टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे. पुरावा म्हणून आकडे दिले. तिथले लोक फेसबुकवर घालवतात त्या वेळातला फक्त 17 टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात जातो. इन्स्टाग्रामवर 7 टक्के. न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी 18 नोव्हेंबर 2025 ला निकाल दिला आणि कंपनी खटला जिंकली.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण तिथं गेलो ती गोष्ट आता तिथं नाही, असं सांगून कंपनी सुटली. भाच्यानंही हे आकडे सांगितल्यावर आत्तीनं पहिल्यांदा हातातली मिरची खाली ठेवली.

आत्ती : मग बाकीचा येळ काय बघत्यात?

भाचा : कंपनी दाखवेल ते. तू काय बघायचंस हे तू ठरवत नाहीस.

आत्ती : रील मीबी बघतो. दुपारी जरा आडवं व्हायचं म्हणून फोन घेतला की तास कुठं गेला कळत न्हाई. ते मी मान्य करतो. पण त्येच्यासाठी सगळंच वाईट म्हणू नकोस. माझं पोट त्येच्यावर हाय.

पोटाची गोष्ट आली की वाद जमिनीवर येतो. आत्तीची चटणी अशी : ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. संकेश्वरी मिरची लांब, बारीक, सुरकुतलेली. हातात घेतली की हलकी लागते, पण दोन घटका देठ काढले की बोटं रात्रीपर्यंत चुरचुरतात. नुसत्या ब्याडगीची चटणी दिसायला देखणी, पण भाकरीबरोबर खाल्ली तर जिभेला पत्ता लागत नाही. नुसत्या संकेश्वरीची करावी तर पुण्यातल्या सुना परत मागत नाहीत. हे प्रमाण आत्तीचं स्वतःचं आहे आणि ते तिनं मलाही सांगितलेलं नाही. मिरची वाळवायची, देठ काढायचे, मसाला भाजायचा, डंकावर कांडून आणायचं. पूर्वी हे घरापुरतं होतं. मग तिनं एकदा वाळत घातलेल्या मिरच्यांचा फोटो स्टेटसला ठेवला. अंगण लालभडक. त्या संध्याकाळी गडहिंग्लजच्या बहिणीच्या जावेनं विचारलं, आमच्यासाठी करशील काय? तिथून पुढं कोल्हापूर, पुणे, आणि बहिणीच्या जावेची लेक जर्मनीत आहे तिथपर्यंत.

आत्ती : दुकान टाकायला मला कुणी पैसे दिले असते? जाहिरात मी कुठं देणार? बाजारात बसलो असतो तर दलालानं मातीमोल भाव केला असता. स्टेटसला फोटो टाकतो, बाया विचारत्यात, पैसे फोनवर येत्यात. यात तुला काय खुपतं?

भाचा : खुपत नाही, भीती वाटते. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. टिकटॉकवर आपल्याकडची किती पोरं होती, आठवतंय? शेतात, चुलीपुढं, बैलगाडीत व्हिडिओ करायची. 29 जून 2020 ला सरकारनं बंदी घातली आणि त्यांचे लाखभर बघणारे एका रात्रीत गेले. कू म्हणून बंगळूरचं ॲप होतं, मराठी, कन्नड सगळ्या भाषांत. 2024 मध्ये तेही बंद. उद्या कुठल्या कारणानं तुझा नंबर बंद केला तर कुणाकडं दाद मागणार? तुझी गिऱ्हाइकं तुझी नाहीत, ती त्यांच्या यादीतली आहेत.

आत्ती उठली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फडताळातून वही घेऊन आली. दोनशे पानी, कोपरे तेलकट झालेली. एकेक पानावर बाईचं नाव, गाव, फोन, किती किलो आणि शेजारी बारीक अक्षरात ‘तिखट कमी’, ‘लसूण नको’, ‘सासू आजारी, पैसे मागू नये’. काही पानांत चटणीच्या बोटांचे ठसे.

आत्ती : ही माझी यादी. फोन पाण्यात पडला तरी धंदा ऱ्हातोय. मला काय कळत न्हाई असं समजू नकोस.

भाचा वही चाळत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ही तयारी त्याला अपेक्षित नव्हती. पण तो हटणारा नाही.

भाचा : वही आहे तोवर ठीक. पण नवीन गिऱ्हाईक कुठून येतंय? स्टेटसमधूनच. आणि कंपनीनं जून 2025 मध्ये जाहीर केलंय की स्टेटसच्या मधेमधे जाहिराती येणार. आज तुझा फोटो बहिणीच्या फोटोनंतर दिसतो. उद्या मोठ्या मसाला कंपनीची जाहिरात आधी दिसेल, पैसे दिल्याबद्दल.

आत्ती : दिसू दे. ती कंपनी ‘सासू आजारी’ म्हणून पैसे थांबवून घेत न्हाई.

यावर तोही हसला. मग गोष्ट पुराकडं वळली आणि आवाज बदलले. 2019 आणि 2021, दोन्ही पूर या भागातल्या लोकांच्या अंगावर अजून आहेत. जुलै 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला.

आत्ती : तू तवा पुण्यात व्हतास. आमी इथं. पाऊस पडतोय आंबोलीला, आजऱ्याला. पाणी येतंय आमच्या दारात. धाकटी बहीण गडहिंग्लजातनं फोटो टाकायची, भडगावच्या पुलाला पाणी टेकलं, आता पुलावर आलं. तेवढ्यावर आमी खालच्या गल्लीतल्या बायास्नी सांगायचं, उचला सामान. पोती माळ्यावर, म्हशी वरच्या अंगाला. सरकारी गाडी भोंगा वाजवत आली, पण तवर आमची पोती हलवून झाली व्हती. तुझ्या 17 टक्क्यांत हे बसतंय काय?

भाचा : नाही बसत. ते मी कधीच नाकारलं नाही. पण त्याच रात्री ग्रुपवर दुसरं काय आलं होतं? धरण फुटल्याचा व्हिडिओ. कुठल्या राज्यातला, कुठल्या सालचा, देव जाणे. घरातले आण्णा बीपीचे पेशंट, रात्री दोन वाजता मला फोन करून विचारत होते, गाव सोडायचं काय? धाकट्या आत्तीचा फोटो आणि ते खोटं, दोन्ही एकाच ग्रुपात, एकाखाली एक. पाणी वाढत असताना कुठलं खरं धरायचं?

हा मुद्दा घरगुती नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. अफवा फोनवरून फिरली होती. त्याच महिन्यात कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातही अशाच अफवेवरून हैदराबादचा एक तरुण मारला गेला. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली, पुढं ती जगभर लागू केली. मर्यादा आली ती माणसं मेल्यावर. हे विसरून उपयोगाचा हिशेब मांडता येणार नाही असं मला वाटतं आणि मी ते तिथं बोललोही.

आत्ती : खरं हाय. पण खोटं काय फोनानंच आलं? पिलेगाच्या टायमाला, गणपती दूध पिला तवा, फोन कुठं व्हता?

भाचा : नव्हता. पण गावाला कळायला वेळ लागायचा आणि त्या वेळात कुणी शहाणा माणूस आडवा यायचा. आता आडवं यायला वेळच नाही.

त्यावर आत्तीनं सीमाभागातच घडू शकेल अशी एक गोष्ट सांगितली. कर्नाटकात 2023 पासून गृहलक्ष्मी योजना आहे, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला 2000 रुपये. महाराष्ट्रात 2024 मध्ये लाडकी बहीण आली, 1500 रुपयांची. आत्तीला गृहलक्ष्मी, तिच्या धाकट्या बहिणीला लाडकी बहीण. एकाच आईच्या दोन लेकी, दोन सरकारांच्या दोन योजना. आता होतं असं की नात्याच्या ग्रुपवर दोन्हीकडचे मेसेज मिसळतात. लाडकी बहीण योजनेसाठी बाई महाराष्ट्रातली रहिवासी असावी लागते, पण फॉर्मची लिंक संकेश्वरच्या बायकांकडंही पोचली. कुणी आधार नंबर भरून बसली, कुणाला ओटीपी विचारला गेला.

आत्ती : त्या दिवशी मी सगळ्यास्नी फोन केले. म्हटलं ह्ये आमचं न्हवं, हात लावू नका. पण दुसरंबी ऐक. पुरसभेची, म्हंजे नगरपालिकेची, नोटीस कन्नडात येत्या. पाणी कवा येणार, घरपट्टीची मुदत काय. मला बोलायला येतंय, वाचायला न्हाई. गल्लीतली एक पोरगी कन्नड शाळेत शिकल्या, ती नोटिशीचा फोटो टाकती आणि खाली मराठीत बोलून सांगती. गृहलक्ष्मीचा हप्ता आला काय, तेबी तिथंच कळतं. फुकट करती. तिला काय म्हणू, ग्रुप सोड, भाचा म्हणतोय वाईट हाय?

मला या पोरीबद्दल दोन ओळी जास्त लिहायच्या आहेत. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना निकष आहे. बेळगाव जिल्ह्यातली मराठी माणसं मराठीतून कागद मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं देताहेत, मोर्चे काढताहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा लागायचा तेव्हा लागो. नोटीस मात्र आज चिकटवलेली आहे आणि मुदत या महिन्याची आहे. मधली फट ती पोरगी दीड मिनिटाच्या आवाजी मेसेजनं बुजवते. समाजमाध्यम उपयोगी आहे असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्यात अशा कुणाची तरी फुकटची मेहनत असते आणि श्रेय ॲपला जातं.

भाचा : त्या पोरीच्या मी पाया पडेन. पण मी ग्रुप का सोडला ते तुला माहीत आहे.

माहीत होतं. मलाही होतं. 6 डिसेंबर 2022 ला सीमावादावरून बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. दोन्हीकडं पडसाद उमटले, एसटी बंद झाल्या. त्याचे व्हिडिओ यांच्या नात्याच्या ग्रुपवर आले. कोल्हापूरच्या एका जावयानं कन्नडिगांना शिव्या घातल्या. त्याच ग्रुपात घरची एक सून कन्नड माहेरची, तिची मुलं कन्नड माध्यमात. तिनं एक शब्द लिहिला नाही, पण त्यानंतरच्या लग्नाला ती आली नाही.

भाचा : समोर बसून जावयाची हिंमत झाली असती काय तसं बोलायची? तिच्या हातचं जेवलाय तो. फोनवर कुणाचं तोंड दिसत नाही. आणि पुढल्या वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात काय झालं? पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून सगळं शहर पेटलं, जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. तू चटणी ठेवतेस तीच जागा, आत्ती.

आत्ती : म्हाईत हाय. 7 जून. माझं इकडं चालू, धाकटीचं तिकडं बंद. एक टिक पडून ऱ्हायली. साधा फोन लागत व्हता म्हणून बरं. पण आता माझं ऐक. तू ग्रुप सोडलास, मन शांत झालं. चांगलं झालं. त्येच्यानंतर काय झालं सांगू? आण्णाच्या डोळ्याचं आपरेशन ठरलं, तुला येगळा फोन. लग्नाची तारीख पुढं गेली, तुला येगळा फोन. धाकटी पडली, तुला येगळा फोन. तू उचलत न्हाईस, मीटिंगमधी असतोस. मग रात्री परत. तुझी शांती माझ्या गळ्यात पडल्या.

मी या विषयावर बरंच वाचलं-ऐकलं आहे, पण ही बाजू कुणी इतक्या स्पष्टपणे मांडलेली ऐकली नव्हती. ॲप सोडणाऱ्यांचं कौतुक होतं, मुलाखती होतात. त्यांच्यापर्यंत बातमी पोचवणारं कुणीतरी मागं राहिलेलं असतं आणि बहुतेक घरांत ती बाईच असते. भाच्याचा फेसबुकवरचा राग मला शंभर टक्के पटतो. तिथं आता आपलं फारसं काही नाही आणि ते काढून टाकल्यानं कुणाचं काही अडत नाही. घरच्या ग्रुपचं तसं नाही. तिथं भरलेली माणसं आपली आहेत, त्यांच्या चुकांसकट.

भाचा : मग मी काय करू? परत ते सगळं वाचू? सकाळचे फुलांचे फोटो, दुपारचं राजकारण, रात्रीचे व्हिडिओ?

आत्ती : दोन ग्रुप करायचे. एक गप्पांचा, त्यात तू नगं. एक कामाचा. आजारपण, लग्न, मयत आणि पाणी. त्यात फॉरवर्ड चालणार न्हाई. पुराचा फोटो टाकायचा तर सोता काढलेला, आणि कुठनं काढला, किती वाजता, तोंडानं बोलून सांगायचं.

भाचा : आणि कुणी टाकलंच फॉरवर्ड? तो जावई?

आत्ती : तर काढायचं भाईर. ॲडमिन तू.

भाचा : मी? मग माझ्याशीच भांडतील सगळे.

आत्ती : भांडू दे की. येवढी वर्सं माझ्याशी भांडत्यात. नियम काय काय ठेवायचे ते तूच लिही, मराठीत लिही आणि त्या पोरीकडनं कन्नडातबी लिहून घे, सूनबाईला वाचायला ईल असं. पण आत ऱ्हाऊन लिही. भाईर उभारून न्हाई.